पाव फेरा

लकडगंजच्या मागच्या गल्लीत ताराचंदचं टिनाचं शेड आहे. तो जुन्या डिझेल गाड्यांचे पंप जुळवतो. इंजिनात किती डिझेल जायचं ते हा पंप ठरवतो, आणि पंपाला ते पाठीवरचा एक इस्क्रू सांगतो. इस्क्रू आत घेतला की गाडी ओढते आणि काळं ओकते. बाहेर घेतला की धूर जातो, पण गाडीही मरगळते. गिऱ्हाइकाला ओढच पाहिजे असते.

शेडमागच्या खोलीत त्याची बायको पंचफुला, दमेकरी. इंजिन चालू करण्याआधी ताराचंद पान्याने टिनावर ठोकतो. मग ती स्टूल उचलून कोपऱ्यावरच्या लिंबाखाली जाऊन बसते. दिवसातून किती वेळा, ते विचारू नका. डॉक्टरने स्वच्छ सांगितलंय, धूर बंद करा नाहीतर जागा बदला. बदलून जाणार कुठे? दुसरं काम त्याला येत नाही आणि दुसरं शेड परवडत नाही.

धुराविरुद्ध मी वस्तीत भांडते. ताराचंदलाही बजावलं होतं, आजपासून प्रत्येक इस्क्रू बाहेर घ्यायचा. त्याने ऐकलं. पहिलीच गाडी निघाली शेडचे मालक महादेवराव यांची. एक चक्कर मारून ते परत आले, तेव्हा मी शेडमध्येच होते.

"ताराचंद, गाडी बसली गा. हे रामटेकचा गड चढते का?"

"धूर गेला न साहेब."

"मी धूर पाहून राहिलो का? अंदर घे इस्क्रू. नाहीतर शेड खाली कर, मले गोदामाले जागा पाहिजेच आहे."

माझं डोकं फिरलं. "काहून खाली करंल? बाईचा जीव जाऊन राहिला, अन् तुमाले गड चढाचा आहे?"

महादेवराव हसले. "मंग शोभाताई, तुमच्या घरी ठेवा दोघाले."

मी तोंड उघडणार, तोच ताराचंदने हात वर केला. "तुमी जा ताई. तुमचा राग तुमच्यासंगं घरी जाते. मले इथंच राहा लागते."

असं मला आजवर कोणी बोललं नव्हतं.

आवाज ऐकून पंचफुला आपणहून स्टूल घेऊन बाहेर आली. "घ्या न जी अंदर तो इस्क्रू. मी बसतो तिकडं." जाता जाता मला म्हणाली, "तुमी बी बाजूले व्हा ताई, खोकलान."

ताराचंदने नट ढिला केला, इस्क्रू पाव फेरा आत घेतला, नट आवळला. महादेवराव गाडीत बसले. आधी आपल्या बाजूची काच वर केली, मग एक्सलेटर दाबलं.