बस सुटायच्या आत जिंकलेला फ्लॅट

"बस सुटायच्या आत मला ही बाई जिंकलेली पाहिजे," दिग्दर्शक माझ्या कानात म्हणाला.

कानात म्हणजे अगदी कानातच. शूटिंग चालू असताना आमच्या कानात एक शेंगदाण्याएवढं यंत्र असतं. कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस त्यातून सूचना देतो. त्याला टॉकबॅक म्हणतात. बस होती चाकणच्या एका कंपनीची, आणि बाई म्हणजे रेखाताई. त्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर काम करायच्या. त्यांना पाठिंबा द्यायला लाइनवरचे सगळे लोक कंपनीच्या बसने चिंचवडच्या हॉलमध्ये आले होते. त्यांची सेकंड शिफ्ट होती. साहेबांनी थोडा उशीर चालवून घेतला होता, पण थोडाच.

टीव्हीवरच्या एका गेम शोचा मी आवाज आहे. चेहरा दुसऱ्याचा असतो. तो देखणा असतो आणि त्याला कपडे चॅनेल देतं. "आणि आता येताहेत..." असं जे पडद्यामागून दणदणीत ऐकू येतं, तो मी. आमच्या धंद्यात त्याला अनाउन्सर म्हणतात. मी सुरुवात केली पिंपरी कॅम्पात, रिक्षात बसून साड्यांच्या सेलची जाहिरात ओरडत. मग गणपती मंडळांचे स्टेज, मग चाकणच्या कंपन्यांचे फॅमिली डे, मग टीव्ही. घरचे म्हणतात, तुझी फक्त रिक्षा बदलली.

अनाउन्सरचं आणखी एक काम असतं, ते घरी बसून दिसत नाही. कॅमेरा सुरू होण्याआधी प्रेक्षकांना तापवायचं. याला वॉर्म-अप म्हणतात. मी माइक घेऊन लोकांमध्ये फिरतो, कुणाची सासू, कुणाचा नवरा, चेष्टामस्करी करतो, टाळ्यांची प्रॅक्टिस घेतो. माणूस हसला की सैल होतो, सैल झाला की कॅमेऱ्यासमोर रडतोसुद्धा चांगला. लोकांना रडवण्यात माझा हात धरणारा इंडस्ट्रीत दुसरा नाही, असं मला वाटायचं.

त्या दिवशी फायनल होती. बक्षीस होतं रावेतमधला वन बीएचके फ्लॅट. शेवटच्या दोघींत एक रेखाताई आणि दुसऱ्या साताऱ्याकडच्या एक शिक्षिका. निकाल प्रेक्षकांच्या मतांवर होता आणि ते मतदान शूटिंगनंतर बरेच दिवस अ‍ॅपवर चालणार होतं. मग शूटिंगच्या दिवशी विजेता कुठून आणायचा? तर दोन्ही शेवट शूट करून ठेवायचे. एकदा रेखाताई जिंकल्या, एकदा शिक्षिका जिंकल्या. मतं ज्या बाजूला जातील तो शेवट दाखवायचा, दुसरा पुसून टाकायचा. यात फसवणूक काही नाही. फक्त एक नियम आहे. शेवट शूट करण्याआधी अनाउन्सरने प्रेक्षकांना सांगायचं की, मंडळी, आपण दोन शेवट शूट करतोय, खरा निकाल तुमच्या मतांनी ठरणार. चॅनेलच्या लीगलवाल्यांनी चार ओळी लिहूनच दिलेल्या असतात. त्या वाचणं माझं काम.

मी दिग्दर्शकाला विचारलं, त्या ओळी आत्ता घेऊ का?

"नंतर घे रे. आधी सांगितलंस तर मेलेल्या टाळ्या मिळतील."

लीगलची मुलगी तेव्हा जेवायला गेली होती. पण सगळं दिग्दर्शकावर ढकलून मोकळा होण्यात अर्थ नाही. तो तसं म्हणाला नसता तरी मी त्या ओळी मागेच टाकल्या असत्या. खोटा शेवट आहे हे कळलं की लोक हसत हसत टाळ्या वाजवतात. मला तो टेक खरा हवा होता.

नाव घेण्याआधी श्वास रोखायचा, ही आमची युक्ती. सगळा हॉल तुमच्याबरोबर श्वास रोखतो. मी तो रोखला, आणि मग रेखाताईंचं नाव घेतलं. त्यानंतर जे झालं ते मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. लाइनवरच्या बायका खुर्च्या ओलांडून स्टेजवर धावल्या. त्यांनी रेखाताईंना उचलून घेतलं. नवरा एका कोपऱ्यात उभा राहून रुमालात तोंड खुपसून रडत होता. रेखाताईंना दोन शेवटांचं ठाऊक होतं, त्याबद्दल बाहेर न बोलण्याची सहीही त्यांनी केली होती, पण त्याही रडल्या. कानात दिग्दर्शक म्हणाला, "गोल्ड आहे भावा, गोल्ड."

बसचा हॉर्न वाजायला लागला. निघताना लाइनवरच्या एका वयस्क बाईंनी माझा हात धरला. सगळे त्यांना मंगलमावशी म्हणत होते.

"खरंच दिला न्हवं फ्लॅट, सर?"

मी म्हणालो, "तुमच्या डोळ्यांदेखत झालं ना, मावशी."

आणि वर सगळ्यांना दटावलं की हे गुपित आहे, बाहेर बोलायचं नाही. त्या चार ओळी माझ्या खिशातच राहिल्या. बस गेल्यावर, साताऱ्याहून नंतर आलेल्या शिक्षिकाबाईंच्या लोकांसमोर त्यांचा शेवट शूट केला. तोपर्यंत लीगलची मुलगी जेवून परत आली होती, त्यामुळे त्या वेळी मी ओळी शब्दन् शब्द वाचल्या. टाळ्या मेलेल्याच मिळाल्या.

नंतर मी हे सगळं विसरून गेलो. खरंच विसरलो. आमच्या कामात रोज कुणीतरी जिंकत असतं.

काही आठवड्यांनी रेखाताईंच्याच कंपनीत सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम होता आणि निवेदनाला मला बोलावलं होतं. कँटीनच्या शेडमध्ये स्टेज. गेलो तर लोकांनी मला गराडाच घातला. फ्लॅटला बाल्कनी आहे का, ताबा कधी मिळणार, वास्तुशांतीला याल ना. गुपित अख्ख्या एमआयडीसीला माहीत होतं. मी हसून वेळ मारून नेत होतो, तेव्हा सहज विचारून बसलो की मतं दिलीत की नाही सगळ्यांनी. मतदान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद होणार होतं.

मंगलमावशी म्हणाल्या, "मत कशापायी? आमी डोळ्यानं बघितलंय न्हवं."

मी बाकीच्यांनाही विचारलं. लाइनवर, बाकीच्या शिफ्टमध्ये, निगडीत रेखाताई राहतात त्या ओटा स्कीमच्या वस्तीत, कुणीही मत दिलं नव्हतं. जिंकलेल्या बाईला मत कोण देतं? आणि तिकडे शिक्षिकाबाईंचे लोक, ज्यांना मी ओळी वाचून दाखवल्या होत्या, ते शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरून मतं गोळा करत असणार.

स्टेजच्या मागे चहाच्या थर्मासपाशी रेखाताईंनी मला गाठलं. त्या मूळच्या लातूरकडच्या, बोलणं अजून तसंच. युनिफॉर्मच्या खिशात टेस्टर खोचलेला.

"सर, तुमीच सांगा की यांला," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं मत द्या, तर म्हणतेत, जिंकून बी ताई लाजते. शूटिंगचं तर बोलता येत नाही, सही केली मी. माझं कोन्ही ऐकत नाही. तुमचं ऐकतेत."

मी म्हणालो, बघतो.

बाजूला जाऊन प्रोड्यूसरला फोन लावला. सगळं सांगितलं नाही. रेखाताईंच्या लोकांचा गैरसमज झालाय, एवढंच म्हणालो. कसा झाला ते त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, देव जाणे. पण त्यांनी विचारलं नाही.

"शोचा माणूस एका स्पर्धकासाठी मतं मागणार? उद्या दुसरी बाई कोर्टात जाईल. तू तिथे शोचं नाव काढू नकोस."

आता, मला मतं मागायची नव्हतीच. मला फक्त एवढं म्हणायचं होतं की त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. हे सांगायला कुठलंही अ‍ॅग्रीमेंट आड येत नव्हतं. उलट त्या चार ओळी सांगाव्यात, असाच माझा करार होता. आड येत होतो मी. समोर कंपनीचे मोठे साहेब बसले होते. पुढच्या फॅमिली डेचं बोलणं त्यांच्याशीच व्हायचं होतं. मी यांच्या लोकांना बनवलं, असं माइकवर कसं म्हणायचं?

मग मी मधला मार्ग काढला. कार्यक्रम संपताना, हेल्मेट आणि हातमोज्यांची शपथ झाल्यावर, मी माझ्या टीव्हीच्या आवाजात म्हणालो, "आणि मंडळी, मतदान अजून सुरू आहे बरं का, तुमचं अमूल्य मत द्यायला विसरू नका." लोक खदखदून हसले. टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. जाहिरात वाटली त्यांना, आणि जाहिरातीच्याच आवाजात सांगितल्यावर दुसरं काय वाटणार?

रेखाताई मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लाइनवर निघून गेल्या. मी मानधनाचं पाकीट घेतलं, साहेबांबरोबर फोटो काढला आणि मूग गिळून घरी आलो.

फायनल दाखवली त्या दिवशी सकाळीच निगडीत फ्लेक्स लागला होता. आपल्याकडे दहावी पास झालं तरी फ्लेक्स लागतो, इथे तर फ्लॅट होता. रेखाताईंचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून लाइनवरच्या सगळ्यांचे पासपोर्ट फोटो. मी गाडी थांबवून तो पाहिला. तेव्हाही मला वाटत होतं की कदाचित इकडून तिकडून मतं पडली असतील. माणूस स्वतःला काय काय समजावतो.

शो संपला. शिक्षिकाबाई जिंकल्या. माझ्याच आवाजात.

मला वाटलं होतं, लोक चॅनेलला शिव्या देतील, मलाही देतील. मी तयारी ठेवली होती. पण शिव्या माझ्यापर्यंत आल्याच नाहीत, त्या मध्येच अडल्या. काही दिवसांनी रेखाताईंच्या नवऱ्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच अवघडल्यासारखं झालं. ते म्हणाले, लाइनवर रेखाशी कुणी धड बोलत नाही. निकाल लागल्यावर तिने एकदाचं सांगून टाकलं की दोन शेवट शूट केले होते आणि तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. लोकांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. तुला माहीत होतं आणि तू आमच्याकडून पेढे खाल्लेस, आमचा फ्लेक्स लावून घेतलास, आम्हाला येडं बनवलंस. मंगलमावशी, ज्या तिच्याबरोबर एका डब्यात जेवायच्या, त्या आता दुसऱ्या टेबलावर बसतात.

"फ्लॅटचं काय, नशिबात नव्हता," ते म्हणाले. "पण ती डबा तसाच परत आणती, सर. तुम्ही एकदा त्यांना सांगितलं तर बरं होईल."

म्हणजे माझं खोटं तिच्या नावावर जमा झालं होतं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी बायकोसमोर फोनवर बोलू शकलो नाही, गच्चीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळी मी कंपनीच्या गेटवर गेलो. वॉचमनने ओळखलं, बसपर्यंत सोडलं. मी बसमध्ये चढलो आणि ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहिलो. माइक नव्हता. माइकशिवाय माझा आवाज तसा साधाच आहे, थोडा घोगराही. मी सांगितलं की दोन शेवटांचं तुम्हाला सांगायचं काम माझं होतं. रेखाताईंना बोलायला बंदी होती, मला नव्हती. टाळ्या चांगल्या पडाव्यात म्हणून मी बोललो नाही. त्या तुम्हाला मत द्या म्हणाल्या ते खरं होतं, आणि मी मावशींना जे म्हणालो ते खोटं होतं.

रेखाताई मधल्या सीटवर एकट्या, खाली बघत. मंगलमावशी मागून म्हणाल्या, "मंग त्या दिशी कँटीनात का न्हाई बोलला? तवा मत देता आलं असतं की."

याचं खरं उत्तर बसमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. मी मान खाली घातली. मावशी उठल्या, बसच्या पुढे आल्या. मला वाटलं मला काहीतरी सुनावणार. त्या माझ्याकडे न बघता रेखाताईंच्या शेजारी जाऊन बसल्या. "सरक," एवढंच म्हणाल्या. मग ड्रायव्हरने मला उतरायला सांगितलं.

फ्लॅट शिक्षिकाबाईंना मिळाला, त्यांनी तो भाड्याने दिला असं ऐकलं. रेखाताई अजून ओटा स्कीममध्येच राहतात. मी अजून त्याच शोमध्ये आहे. फायनलला त्या चार ओळी मी आता सगळ्यांत आधी वाचतो, दिग्दर्शक कानात काहीही म्हणो. आधी खरं सांगितलं की टाळ्या मेलेल्या पडतात, यात त्याचं काही चुकलेलं नाही. पडतात. आणि त्या मेलेल्या टाळ्या वाजवून लोक घरी जातात आणि मत देतात.