द्राक्षं खुडली जातात

धाकट्या जावेचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. तिच्या रूपाचा नाही, माहेरचाही नाही. तिच्या ईमेलांचा.

आमचं द्राक्षांचं पॅकहाउस दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला लागून. चौदा हंगाम ते मी सांभाळलं. सकाळी सहाला मी शेडमध्ये. पेठ तालुक्यातून हंगामापुरत्या आलेल्या बायका कात्रीने घडातले खराब मणी काढायच्या आणि प्रत्येक घड पेटीत जाण्याआधी माझ्या नजरेखालून जायचा. संध्याकाळी बोटं चिकट आणि पाय सुजलेले. धाकटी नाशकात वाढलेली, लग्नाआधी सातपूरच्या एका कंपनीत पत्रव्यवहार बघायची. ती दहा वाजता न्हाऊन-बिऊन ऑफिसच्या खोलीत पंख्याखाली बसायची आणि हॉलंडच्या गिऱ्हाइकाला चार ओळी लिहायची. पाहुणे आले की सासरे, म्हणजे आमचे नाना, कौतुकाने सांगायचे की धाकली परदेशाशी बोलती. त्या वेळी मी पाहुण्यांना चहा देत असायचे.

मला इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. बारावी झालेय. वाक्याचा प्रयोग बदला, हा प्रश्न माझा कधी चुकला नाही. आमच्या बाई सांगायच्या, करणारा शेवटी 'बाय' लावून लिहा, आणि कोणी केलं याला महत्त्व नसेल तर सोडून दिलात तरी मार्क कापत नाही. तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं. तेवढंच कमी लिहायचं.

एकदा लॅपटॉप उघडा होता म्हणून मी तिचा मेल वाचला. 'द ग्रेप्स आर हार्वेस्टेड अर्ली इन द मॉर्निंग. ईच बंच इज चेक्ड बाय हँड.' चला, हात तरी होता. कोणाचा, ते नव्हतं. पुढे 'वेइड', 'पॅक्ड', 'कूल्ड', सगळं आपोआप. मी तिला विचारलं की आपल्या शेडमध्ये काय भुतं राबतात का. ती हसली. म्हणाली, ताई, कामकाजाच्या इंग्रजीत असंच लिहितात, मधे माणसं आणली की ते कच्चं वाटतं. मग तिने मला बँकेचा मेसेज दाखवला, विजेच्या कंपनीचा दाखवला. खरंच, अर्ज मिळाला होता, वीज बंद ठेवली जाणार होती, गैरसोयीबद्दल खेद होता, आणि कुठेही चिटपाखरू नव्हतं.

माझं समाधान झालं असतं. पण त्याच मेलच्या खाली होतं, 'आय हॅव अटॅच्ड द फोटोज. आय विल कन्फर्म टुमारो.' फोटो जोडायला 'आय' होती. द्राक्षांना मात्र कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मी तिचे मेल चोरून वाचायला लागले आणि तिचे 'आय' मोजायला लागले. माणूस मत्सराने किती खाली येतो ते मला विचारा.

यंदा नानांचे गुडघे बोलायला लागले. पॅकहाउसच्या नोंदणीच्या फॉर्मवर जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांचं नाव असायचं, ते आता दोन सुनांपैकी एकीचं लावायचं त्यांनी ठरवलं. हंगाम संपला की सांगतो म्हणाले. घरात सगळे धाकटीचं नाव धरून चालले होते, परदेशाशी बोलणार ती, म्हणून. मला ते नाव हवं होतं.

आणि नेमकी तेव्हाच माझ्या हातून चूक झाली. भरलेल्या पेट्या आधी थंड खोलीत ठेवायच्या असतात, मालातली उष्णता पूर्ण निघेपर्यंत. त्या दिवशी बंदराची वेळ चुकेल म्हणून गाडीवाला कटकट करत होता. मी तापमानाच्या काट्याकडे बघितलं, अजून चार तास तरी लागणार होते, आणि तरीही म्हटलं, चढवा. महिन्याभराने हॉलंडहून फोटो आले. देठ तपकिरी, मणी मऊ.

उत्तर लिहायला धाकटी बसली तेव्हा मी तिच्या पाठीमागे उभी होते. नाना समोरच्या खुर्चीत, टेबलावर तो फॉर्म. ती आता माझं नाव लिहिणार याची मला खात्री होती. तिच्या जागी मी असते तर तिचं दोनदा लिहिलं असतं. तिने टाइप केलं, 'द बॉक्सेस वर लोडेड बिफोर कूलिंग वॉज कम्प्लीटेड. द एरर इज रिग्रेटेड.' बस्स. मेल गेला.

"कोणी भरला तो माल?" नानांनी विचारलं.

"घाईत झालं, नाना," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली. मराठीतसुद्धा तिला ते जमत होतं.

मी गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण माझी चूकही तिच्या पदराखाली झाकली जावी हे मला सोसवेना. त्याला खरेपणा म्हणू नका. निव्वळ जळफळाट होता.

"मी भरला," मी म्हटलं. "थंड व्हायच्या आधी मीच चढवायला लावला."

चौदा वर्षांत त्या शेडमधल्या कामाला माझं नाव लागलं ते या एका वाक्यात, आणि तेही मलाच बोलावं लागलं.

नानांनी फॉर्म धाकटीपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. मग म्हणाले, "धाकलीचंच लिहू मग."

धाकटीने पेन घेतलं नाही. "ताईंचं लिहा, नाना," ती म्हणाली. "शेड त्याच चालवतात."

नानांनी ऐकलं नाही. फॉर्मवर तिचं नाव गेलं. पण ते तीन शब्द ऐकायला मी चौदा हंगाम थांबले होते आणि ते आले तिच्या तोंडून. तिचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. कारण ती ते मनापासून म्हणाली होती, आणि मी असते तर पेन उचललं असतं.