तेजरामकाकांचा भुंगा

लाखांदूरच्या बसस्टँडसमोर तेजरामकाकांचं शिलाईचं दुकान आहे. काकांच्या तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे सगळं बोलणं ओठाच्या एका कोपऱ्यातून येतं: "हाव, परवा ने ब्लाऊज. परवा म्हणलं ना!" तो परवा कधीच उजाडत नाही. पण भीमजयंती आली की टाचण्या बाहेर पडतात आणि काका गिटार गळ्यात अडकवतात. आमच्या भीमगीत पार्टीचे ते एकुलते एक गिटारवाले. पायाखाली गिटारचा आवाज घुमवणारी इकोची निळी डबी. तिला सगळे 'पायडल' म्हणतात आणि वर विचारतात, "काका, इथंही शिलाई मशीन सुटत नाही का?"

पायडलची बॅटरी लवकर संपायची, म्हणून काकांनी जुन्या टेपरेकॉर्डरचा काळा ॲडॉप्टर जोडला. वर नऊ व्होल्ट लिहिलेलं, पिन बसली, काम झालं. फक्त स्पीकरमधून आवाज सुरू झाला: घूंऽऽऽ. शेवटच्या गाण्यापर्यंत घूंऽऽऽ. लोकांनी त्याचं नाव ठेवलं भुंगा.

भुंग्याला सगळे वैतागायचे, फक्त सत्यभामाबाई नाही. त्या पार्टीच्या मुख्य गायिका, साठीच्या पुढच्या. पेटीवाला अंकुश सूर देण्याआधीच त्या डोळे मिटायच्या, पदर सारखा करायच्या आणि भुंग्यातूनच सूर उचलायच्या. लाइट कमीजास्त झाली तरी भुंग्याचा सूर जागचा हलायचा नाही. काकाही तिसरी तार त्यालाच जुळवायचे. पेटी जराशी खाली लागायची, पण बाईंपुढं पेटीचं कोण ऐकतो!

मागल्या जयंतीला जवाहरनगरचा कार्यक्रम मिळाला. मोठं स्टेज, फॅक्टरीच्या क्वार्टरमधली माणसं खुर्च्यांवर. साउंडवाला मनिष नाकात बोलायचा. "काका, हे घूंघूं काय होऊन राह्यलं? फेका त्याले." त्यानं मीटर लावला. नऊच्या ॲडॉप्टरमधून चौदा व्होल्ट निघाले. "रेग्युलेटेड नाई ना हा. लोड कमी असला का असाच चढते. पायडल जिवंत हाय हेच नवल! आज नाई तं उद्या जळन."

काका घाबरले. मनिषनं आपल्याजवळचा रेग्युलेटेड ॲडॉप्टर लावला आणि काकांना देऊनच टाकला. भुंगा गप्प झाला. काका खूश: "आता आवाज कसा काचेवानी!"

बाई आल्या. डोळे मिटले, पदर सारखा केला, थांबल्या. थांबल्याच. अंकुशनं पेटीवर सूर धरून ठेवला, पण पेटीकडं कान द्यायची सवय होतीच कुठं? शेवटी त्यांनी भलत्याच वरच्या पट्टीत गाणं उचललं आणि अंतऱ्याला आवाज फाटला. लोकांनी मोठ्या मनानं टाळ्या वाजवल्या. तेच जास्त लागलं.

परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी तृप्तीले गाऊ द्या. माह्यं झालं." तृप्ती म्हणजे अंकुशची बहीण. तेव्हापासून तीच गाते.

काकांना कारण कळलं होतं. पण सांगायचं कसं? 'बाई, तुमचा सूर टेपरेकॉर्डरच्या ठोकळ्यातून येत होता,' असं? दर वेळी ते बाईंच्या दारापर्यंत जायचे आणि "ब्लाऊज तयार हाय" एवढंच सांगून परतायचे. ब्लाऊज खरंच तयार असायचा. त्यावरूनच आम्ही ओळखलं, काकांचं काहीतरी बिनसलंय.

यंदा बुद्धपौर्णिमेला विहारासमोर कार्यक्रम होता. पायडल जळालं तर जळो म्हणत काकांनी जुना ॲडॉप्टर लावला. घूंऽऽऽ. तृप्तीनं नाक मुरडलं. बायकांत बसलेल्या सत्यभामाबाईंनी मान वर केली, ओठ मिटूनच सूर लावला. नेमका.

चहाच्या वेळी त्या काकांजवळ आल्या.

"तेजराम, तुहा भुंगा आला वाटते. जवाहरनगरले कुठी गेल्ता?"

काकांनी चहा बाजूला ठेवला. "मीच काढला होता, बाई. पायडल जळन म्हणून."

"मंग सांगाचं ना रे! पेटीवरून घेतला असता सूर. मले वाटलं, माहे कानच गेले. वरीसभर घरात बी गुणगुणली नाई मी."

"तुमाले वाईट वाटन म्हणून..."

"हाव, आता लय चांगलं वाटून राह्यलं ना!"

काकांनी माइक पुढं केला. "आता तुमीच गा, बाई."

बाईंनी तृप्तीकडं पाहिलं. ती गाण्याचे शब्द पुटपुटत होती. "नको. पोरीची पट्टी बसली आता. तिले हलवू नको." आणि त्या गुणगुणत जागेवर जाऊन बसल्या.

तृप्ती स्टेजवरून ओरडली, "काका, तो भुंगा बंद करा ना!"

तोंडात टाचण्या असल्यासारखे काका ओठाच्या कोपऱ्यातून म्हणाले, "राहू दे."