कॉन्टॅक्ट म्हणा, मालक

“आधी जोहार घाल,” मोठे देशमुख वरून म्हणाले.

वरून म्हणजे विमानातून. पुढच्या बैठकीत ते बसले होते. डोक्याला जरीचा फेटा, तो उडू नये म्हणून वरून उपरणं हनुवटीखाली गच्च बांधलेलं. मी खाली, विमानाच्या नाकासमोर उभा. माझे दोन्ही हात लाकडी पंख्याच्या पात्यावर. माझ्या पाठीमागं सगळं गाव.

“हात काढ त्याच्यावरनं. मागं सर. जोहार घाल, मग हात लाव.”

मी विमानाचा मिस्त्री होतो. अंगात खाकी कोट, खिशात पाने, नखांत तेल. हैदराबादेहून आलेला. पण गाव माझंच होतं, आणि त्या गावात मी लिंबा महाराचं पोरगं होतो. गावाचं नाव सांगत नाही. कमलनगर स्टेशनापासून बैलगाडीनं जायचं, एवढं पुरे. तिथं तसली गावं भरपूर आहेत.

मी विमानापर्यंत कसा पोचलो ते सांगतो. बिदरला एका मोटार गॅरेजात मी झाडायला होतो. झाडता झाडता नट आवळायला शिकलो, मग इंजिन उघडायला. दुसरी मोठी लढाई लागली तशी हैदराबादेत विमानांच्या कामाला माणसं कमी पडली. आवळलेला नट सुटत नाही ना, एवढंच तिथं बघायचे. जात विचारायला कुणाला सवड नव्हती. लढाई संपली आणि माझ्याकडे फिरतीचं काम आलं. जिल्ह्यात कुठं विमान उतरायचं असलं की मी आदल्या दिवशी पुढं जायचो. रेल्वेनं, लारीनं, गाडीनं. पेट्रोलचे डबे, हत्यारांची पेटी, पेट्रोल गाळायला सांबराचं कातडं. माळ पायांनी तुडवून बघायचा, चुन्याचा गोल मारायचा, वारा कळावा म्हणून शेणकुटाचा धूर करायचा. विमान उतरलं की ते माझं. पुन्हा उडेपर्यंत.

देशमुखांचा धाकटा हैदराबादेत विमान चालवायला शिकला होता. तिथं तो मला ‘उस्ताद’ म्हणायचा. सगळेच मिस्त्र्याला म्हणतात तसं. “सब ठीक है ना, उस्ताद?” असं विचारल्याशिवाय तो बैठकीत चढायचा नाही. माझी जात त्याला ठाऊक होती, गाव एकच ना. पण शहरात त्यानं ती कधी काढली नाही. मला वाटायचं, माणूस शिकला की असा होतो. मी खुळा होतो.

त्या हिवाळ्यात त्यानं ठरवलं की विमान घेऊन गावी यायचं. बापाला वरून गाव दाखवायचं. मी आदल्या दिवशी पोचलो. माळावरचे दगड वेचून झाले होते. कुणी वेचले ते सांगायला नको. आमच्या महारवाड्यानं, वेठीनं. माझा बाप, अप्पा, वेसकर होता. गावाची राखण, सांगावे, मेलेली ढोरं, देशमुखाच्या दारातलं हवं नको. पाठ दुखत असतानाही तो दिवसभर दगड उचलत होता. मला बघून हसला. माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाला, कापड चांगलं हाय. त्याला माझा अभिमान वाटत होता, आणि तो बोलायची त्याला भीती वाटत होती.

विमान सकाळी उतरलं. हळदकुंकू झालं, आरती झाली. एक जण पंख्यावर नारळ फोडायला धावला. मी मध्ये पडलो, म्हटलं लाकडाचा कपचा उडेल. तिथंच पहिली कुजबुज झाली, महारानं पूजेत हात घातला म्हणून. भटजींनी बैठकीवर, पायरीवर, मी पुसलेल्या काचेवर गोमूत्र शिंपडलं. मी बघत राहिलो. ते मला नवं नव्हतं.

आता विमान चालू कसं करतात ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या विमानाला बटण नव्हतं. मिस्त्र्यानं समोर उभं राहून हातानं पंखा फिरवायचा. आत विजेचा स्विच. स्विच बंद असेल तर पातं म्हणजे नुसतं लाकूड. चालू असेल तर पातं म्हणजे कोयता. म्हणून एक रिवाज आहे. मिस्त्री खालून ओरडतो, “स्विच ऑफ.” वरचा बघतो आणि तेच शब्द परत म्हणतो, “स्विच ऑफ.” मग मिस्त्री पातं हळूहळू फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेतो. नंतर ओरडतो, “कॉन्टॅक्ट.” वरचा स्विच चालू करतो आणि म्हणतो, “कॉन्टॅक्ट.” मग जोर लावून पातं खाली ओढायचं आणि मागं उडी मारायची. आधी मिस्त्री बोलतो, मागून चालवणारा. गोरा साहेब असो, नवाबजादा असो. मिस्त्र्याच्या मागून म्हणावंच लागतं, कारण हात मिस्त्र्याचा असतो.

कॉन्टॅक्ट म्हणजे काय ते मला एका फोरमननं सांगितलं होतं. म्हणजे शिवणं. तार तारेला शिवते. मी त्या दिवशी पोट धरून हसलो होतो. मी महार, रोज उठून बोंबलतो, शिवा; आणि वरचा मोठ्या घरचा माणूस म्हणतो, शिवलं.

तर दुपारी बापलेक विमानात बसले. बाप पुढं, लेक मागं. मी समोर गेलो, पात्याला हात लावला आणि ओरडलो, “स्विच ऑफ.”

“स्विच ऑफ,” धाकटा म्हणाला. सवयीनं.

गर्दीत कुणीतरी खिदळलं. मग एक आवाज आला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“महार सांगायलाय अन् मालक मागनं म्हणायलेत. भटावानी.”

गाव हसलं. पूजेत भटजी मंत्र सांगतो आणि यजमान मागून म्हणतो, तसं त्यांना ते दिसलं. खरं म्हणजे दिसतही तसंच होतं. फक्त मला आजवर कधी तसं वाटलं नव्हतं.

मोठ्या देशमुखांचा चेहरा लाल झाला. त्यांनी हात वर केला. गाव गप्प झालं. मग ते म्हणाले, आधी जोहार घाल. आणि मान न वळवता मागं लेकाला म्हणाले, “तू त्याच्या मागनं कायबी म्हणायचं न्हाई.”

मी सांगून बघितलं. मालक, हा विमानाचा कायदा आहे, मानापमानाचा नाही. ते म्हणाले, “पायातली वहाण पायातच बरी. डोक्यावर घेऊन कोण फिरतंय?” मी धाकट्याकडे बघितलं. तो समोरच्या काट्यांकडे बघत होता. इंजिन बंद होतं, सगळे काटे मेलेले. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

गर्दीच्या कडेला अप्पा उभा होता. हात जोडलेले. डोळ्यांनी मला विनवत होता.

मी जोहार घातला.

पंख्यावरचे हात काढले, मागं सरलो, वाकलो. बोटं जमिनीला लावली, कपाळाला लावली. “जोहार, मायबाप.” खाकी कोट घालून घातलेला जोहार. लहानपणी नागडा घालायचो तेव्हा इतका जड वाटत नव्हता. मोठे देशमुख खूश झाले. लागा कामाला, म्हणाले.

मी पात्याजवळ गेलो. ओरडलो, “स्विच ऑफ.”

कुणी बोललं नाही.

पुन्हा ओरडलो. धाकटा काट्यांकडेच बघत होता. मागून लोक म्हणायला लागले, कामून थांबलास, फिरव की. देशमुखांनी बोटांनी चुटकी वाजवली. मी मनाशी म्हटलं, आत्ताच तर त्यानं ऑफ म्हटलंय, स्विच बंदच असेल. त्याला काय माझ्याशी वैर आहे? आणि पातं हलकेच ओढलं.

धाड्कन आवाज झाला.

पातं हातातून सुटून गरकन फिरलं. माझी उजवी बाही त्यानं खेचून नेली, खांद्यापासून. मी उताणा पडलो. दंडावर आग पेटल्यासारखं झालं. इंजिन एकदा खोकून बंद पडलं. गाव हसत होतं. त्यांना वाटलं मी भ्यालो. मी हाताकडे बघितलं. बोटं होती. मनगट होतं. रक्त होतं, पण हात होता.

मी उठून विमानाच्या बगलेला गेलो, धाकट्याच्या जवळ.

“स्विच कुठं होता?”

तो हळूच म्हणाला, “चालू.”

“मग बोललात कामून न्हाई?”

 त्याची नजर बापाच्या पाठीवर होती.

म्हणजे तो विसरला नव्हता. चूक झाली नव्हती. बोलायचंच नाही तर एकदाच काय ते उरकू, म्हणून त्यानं स्विच आधीच चालू केला होता. मी खालून ओरडताना त्याला दिसत होतं की चालू आहे. माझे हात पात्यावर दिसत होते. पुढं काय होतं तेही माहीत होतं, मी शिकलो त्याच जागी तो शिकला होता. एक शब्द तोंडातून काढायचा होता. तेवढा त्याला महाग पडला. माझा हात स्वस्त होता.

मी म्हणालो, “आता उत्तर आल्याबिगर हात लावत न्हाई. अन् जोहार बी घालत न्हाई.”

हे मी मोठ्यानं बोललो. 

 मोठ्या देशमुखांनी मला सोडून अप्पाला बोलावलं. अप्पा वाकत वाकत पुढं आला. ते त्याला म्हणाले, तुझ्या पोराला समजाव, न्हाईतर उद्यापासून वेसकी दुसऱ्याला. अन् घर मोकळं करायचं. घर म्हणजे काय, गावठाणातली एक झोपडी. पण तिच्यात माझा जन्म झाला होता आणि अप्पाला दुसरं काही नव्हतं.

अप्पा माझ्याजवळ आला. माझ्या उघड्या दंडावरून रक्त ओघळत होतं. ते त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. मग म्हणाला, “लेकरा, एक शब्दच हाय की. म्हणून टाक.”

“व्हय अप्पा. एकच शब्द हाय. त्यांनी म्हणावं की.”

अप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. असं कुणी बोलू शकतं हे त्याच्या ध्यानातच येईना. देशमुखाला नाही म्हणणं सोपं होतं. अप्पाला नाही म्हणणं जोहारापेक्षा जड गेलं. 

मोठ्या देशमुखांनी मग दुसरी तोड काढली. त्यांच्या पदरी एक पैलवान गडी होता. त्याला म्हणाले, तू फिरव रे, त्यात काय मोठं. गडी धोतर खोचून पुढं आला, तळहातांवर थुंकला, पात्याला हात घालणार तेवढ्यात धाकटा बैठकीतून अर्धा उठला आणि ओरडला.

“नको आबा! त्येचा हात तुटंल.”

सगळ्या माळानं ऐकलं. इतका मोठा आवाज होता त्याच्याजवळ.

मी त्याच्याकडे बघितलं. “अन् माझा?”

तो खाली बसला.

मला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं. तोवर मी समजत होतो, बापाच्या धाकानं त्याची वाचा बसली. वाचा शाबूत होती. पैलवान त्यांच्यातला होता, त्याचा हात म्हणजे हात. माझा हात म्हणजे हत्यार. तुटलं तर दुसरं आणू. हैदराबादेत तो ज्याला उस्ताद म्हणायचा तोही मी नव्हतो. ते या हत्याराचं नाव होतं.

मी चाकापाशी उभा राहिलो. तिथून हललो नाही. ऊन उतरायला लागलं. विमान दिवस मावळायच्या आत हैदराबादेला पोचायला हवं होतं. विमान धाकट्याचं नव्हतं; उशीर झाला तर तिथं त्याला जाब द्यावा लागला असता, आणि तिथं देशमुखी चालत नव्हती. धाकट्याची चुळबुळ वाढली. बापलेकांत हळू आवाजात काही बोलणं झालं. शेवटी मोठे देशमुख खाली उतरले. गाव वरून बघायचं राहून गेलं. माझ्याकडे न बघता, फेट्यावरचं उपरणं सोडत ते निघून गेले. निम्मं गाव त्यांच्या मागं गेलं. निम्मं थांबलं.

मी पंख्यासमोर गेलो.

“स्विच ऑफ.”

तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकायला आलं न्हाई, मालक.”

“स्विच ऑफ,” तो म्हणाला. या वेळी माळाच्या कडेला ऐकू गेलं. मी पातं फिरवलं, पेट्रोल ओढून घेतलं.

“कॉन्टॅक्ट म्हणा, मालक,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत होता. डोळ्यांत पाणी होतं. शरमेचं की रागाचं, मी विचार केला नाही. “कॉन्टॅक्ट,” तो म्हणाला.

मी जखमी हातानं पातं ओढलं. इंजिन लागलं. चाकांपुढचे ठोकळे मी काढले, आणि विमान गेलं. मी मागं राहिलो, रिकामे डबे आणि हत्यारांची पेटी घेऊन, त्या गावात.

वेसकी गेली. झोपडी गेली. महारवाड्यानं आम्हाला निरोप द्यायलाही तोंड दाखवलं नाही. त्यांनाही उद्या तिथंच राहायचं होतं. गाडी कुणी दिली नाही. मी पेटी डोक्यावर घेतली, आईनं गाठोडं घेतलं, अप्पानं घोंगडं घेतलं आणि आम्ही कमलनगरची वाट धरली. वाटेत अप्पा एकदाच बोलला. “एका शब्दापायी घर घालवलंस.”  त्यानं पुढं हैदराबादेत हमाली केली आणि मरेपर्यंत त्याला ते पटलं नाही. मी त्याला दोष देत नाही. त्यानं मला वाढवलं ते वाकूनच.

पण मी पुन्हा जोहार घातला नाही. देशमुखाला नाही, साहेबाला नाही, राज्य बदलल्यावर खुर्चीत येऊन बसलेल्या नव्या साहेबालाही नाही. मी समोर उभा राहतो आणि हाक देतो. समोरून नीट उत्तर आलं तर हात लावतो. नाही आलं तर ज्याचं विमान असेल त्यानं ते ढकलत न्यावं.