शिष्ट म्हणजे काय व?

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला आमच्या देवळी गावातला मुलींचा भुलाबाईचा सण आठवतो. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी मामाकडे राहून वर्ध्याच्या शाळेत वर्षभर शिकले आणि 'मले'चं 'मला' करून घरी परतले. मैत्रिणींच्या 'काऊन'चं 'का' नि 'नाई'चं 'नाही' मी जागच्या जागी करायची. एके दुपारी शेजारची जिवलग मैत्रीण वैतागून म्हणाली, "लय शिष्ट झाली व तू!" पुस्तकात शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत, हे मला पाठ होतं. मी परकर सावरत म्हणाले, "आभारी आहे. प्रयत्न केलास तर तूही होशील." त्या संध्याकाळी मुली भुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरल्या, फक्त आमचं दार सोडून. आमची मातीची भुलाबाई झेंडूच्या माळा घालून एकटीच बसली आणि गूळ-शेंगदाण्याचा खाऊ डब्यातच राहिला. मी रडत आईला सगळं सांगितलं, तर ती पोट धरून हसली. "अवं येडे, तोरा करनारीले शिष्ट म्हनते! तिनं तुले शिवी देल्ली अन् तू आभार मानून राह्यली?" मी तशीच धावत मुली बसल्या होत्या त्या अंगणात गेले. "मलाही घ्या ना," म्हटलं. मैत्रिणीनं मान वर न करता विचारलं, "कोनाले?" "मले, मले!" मी ओरडले, तशी ती हसत सरकून बसली. आता मी तेव्हापेक्षा कितीतरी जास्त शिष्ट आहे. पण केस पांढरे झाले की लोक त्यालाच अनुभव म्हणतात.