वेचणीच्या दिवसांतली झोप

ती घटना आठवली, की पोलीस खात्यात इतकी वर्षं काढून मी नेमकं काय शिकलो, असा प्रश्न आजही पडतो. चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांच्याबाबत माझ्या मनात काही किंतु नाही. या प्रकरणात मात्र आरोपी सापडला, त्याने कबुली दिली, कोर्टाने शिक्षाही केली, आणि तरीही गुन्हा कुठे संपला आणि सेवा कुठे सुरू झाली हे मला धड सांगता येत नाही.

मी तेव्हा अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. शेतीच्या वाईट दिवसांची ती वर्षं. फवारणीचं औषध पिऊन गेलेल्यांचे पंचनामे करून करून आमच्या ठाण्यातल्या प्रत्येकाचं नाक त्या वासाला तयार झालं होतं. त्यामुळे एक बाई समोर येऊन म्हणाली, की माझ्या मायले औषध देऊन राह्यले, तेव्हा प्रेत कुठे आहे, हाच माझा पहिला प्रश्न होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच खुळा ठरलो.

बाई अकोल्याची. शिवणकाम करायची. तिची आई आमच्या हद्दीतल्या एका वृद्धाश्रमात होती. पुण्यात नोकरीला असलेल्या भावाने तिला तिथे ठेवलं होतं. म्हातारीला विसरण्याचा आजार होता. मुलीचं नाव, नवऱ्याचं मरण, जेवण झालं की नाही, काहीच तिला आठवत नव्हतं. मग तुमची तक्रार काय, असं मी विचारलं.

"साहेब, आमी महानुभाव. रिद्धपूरचे. माय मले ओळखत नाही, पन दंडवत प्रणाम म्हटलं का हात जोडून दंडवत म्हनतेच. आता मी दोन वेळा गेली, तर डोळेच उघडत नाही. आजार असा एकदम नाही वाढत."

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. दंडवताचं उत्तर मिळालं नाही, ही तक्रार कोणत्या कलमात बसवायची? मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मनात दुसराच हिशेब मांडला. भाऊ पुण्याला, बहीण अकोल्याला, म्हातारी गुंगीत. म्हणजे शेताच्या कागदावर अंगठा घ्यायचा डाव असणार. तलाठ्याला विचारलं, तर वाटणी कधीच होऊन गेलेली. म्हातारीच्या नावावर ढेकूळसुद्धा नव्हतं. माझा हिशेब तिथेच आटोपला.

तरी एकदा जाऊन यावं म्हणून जमादारांना घेऊन निघालो. दुपारची वेळ होती. वृद्धाश्रम स्वच्छ होता. अंगण झाडलेलं, चादरी धुतलेल्या, कुणाच्या अंगावर वळ नाही, पायात साखळी नाही. डझनभर म्हातारेकोतारे खाटांवर निजलेले. व्यवस्थापक पन्नाशीचा, मऊ बोलणारा. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मला त्यात खोट काढता येईना. बाहेर आल्यावर जमादार म्हणाले, "साहब, कुछ तो गडबड हाय. बुढ्ढे लोगों का घर, और खाकी देखके एक भी शिकायत नाही? माझी अम्मी असती, तर जेवणात मीठ नाही म्हणून माझ्यावरच केस केली असती."

मी हसलो, पण ते बरोबर बोलत होते. वर्दी पाहिली की म्हातारी माणसं गप्प बसत नाहीत. सून, डास, पेन्शन, काहीतरी निघतंच. मी परत आत गेलो. म्हातारीजवळ उभा राहिलो. तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर माशी बसली होती आणि ती हाकलायला हात उठत नव्हता. एवढी गाढ झोप दुपारी कुणाला लागते?

मी व्यवस्थापकाला विचारलं, की कामाच्या बाया कुठे आहेत.

तो सहज म्हणाला, "वेचणीले गेल्या ना, साहेब."

आमच्या वऱ्हाडात हे सांगावं लागत नाही. दसरा झाला, कापूस फुटला, की बाई धुणीभांडी सोडते, शाळेतली खिचडी सोडते, आणि कमरेला कापसाची ओटी बांधून वेचणीला जाते. किलोवर मजुरी, तीही हातावर. वृद्धाश्रमाची दमडी कोण पाहतो? म्हणजे ऐन हंगामात हा माणूस डझनभर म्हाताऱ्यांना एकटा सांभाळत होता, आणि तरी अंगण झाडलेलं होतं. मग मी त्याला ठाण्यात बसवलं.

चौकशीत आवाज चढवावा लागला नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गोळी देतो, असं तो आधी म्हणाला. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, की म्हातारी एकदा फार आरडाओरडा करत होती, तेव्हा काही दिवसांपुरती गोळी दिली होती. पुढे कुणी दाखवायला आणलंच नाही. मग व्यवस्थापकाने मान खाली घातली. ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या चिठ्ठीविना मिळायच्या. बाया वेचणीला गेल्या, की सकाळच्या चहात तो त्या सगळ्या म्हाताऱ्यांना द्यायचा.

"मारलं नाही, साहेब, बांधलं नाही. मागच्या साली एक म्हातारा गेट उघडून हायवेवर गेला. ट्रकखाली आला. त्याले मीच उचललं. मी एकटा कोनाकोनामागं पळू? निजले, तर जिते तरी राह्यतेत."

तो रडत होता आणि मला त्याचा राग येत होता. राग येत होता आणि कीवही येत होती. त्या म्हाताऱ्याचा पंचनामा आमच्याच ठाण्याने केला होता, म्हणजे हे खोटं नव्हतं. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, की मी औषधोपचाराला संमती दिली आहे, बहिणीने नाक खुपसू नये. बहीण म्हणाली, की माझी माय जिवंतपणी मढं करून ठेवली. दोघंही तिच्याच भल्याचं बोलत होते आणि म्हातारी झोपली होती.

सरकारी वकिलांशी बसलो. गुंगीचं औषध देण्याचं कलम ३२८ लावावं, तर त्यात इजा करण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू लागतो. तो सिद्ध कसा करायचा? पण सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. रोग्यासाठी, डॉक्टरने तपासून, ठरावीक काळ दिलं, तर ते औषध. सांभाळणाऱ्याला सोपं जावं म्हणून दिलं, तर तो उपचार नाही, आणि मुलाची संमती असली तरी नाही. मी ते वाक्य तसंच्या तसं जबाबात घेतलं. त्याच्या जोरावर, निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याचं कलम टिकलं. व्यवस्थापकाला दंड झाला. मेडिकलवाल्यावर औषध खात्याने कारवाई केली.

म्हातारीला दवाखान्यात हलवलं होतं. गोळी हळूहळू कमी केली. एका सकाळी मुलगी धावत ठाण्यात आली आणि मला घेऊन गेली. म्हातारी उठून बसली होती. मुलीने हात जोडून दंडवत प्रणाम म्हटलं. म्हातारीनेही हात जोडले आणि स्पष्ट उत्तर दिलं. मग माझ्या टोपीकडे पाहून, "हा कोन व?" असं विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मुलगी आईला अकोल्याला घेऊन गेली.

प्रकरण इथे संपलं असतं, तर ही आठवण मी मोठ्या अभिमानाने सांगितली असती.

पुढच्या उन्हाळ्यात एका साक्षीसाठी अकोल्याच्या कोर्टात गेलो होतो. दुपारी मोकळा झालो, तेव्हा त्या मुलीच्या घरी डोकावलो. दाराला बाहेरून कडी होती. ती शेजारून पाणी घेऊन आली. वाळली होती. हातावर ओरखडे होते. आत म्हातारी दार बडवत होती. दिवस बुडायच्या आत माहेरी पोचायचं आहे, बाप वाट पाहत असेल, मले कोनं कोंडलं, असं ती ओरडत होती. मुलगी आत गेली, तर तिला चोरटी म्हणाली आणि हातावर फटका मारला.

मुलीने मला बसायला दिलं. शिवणयंत्रावर धूळ होती. शिवायला कपडे कोणी टाकतच नाही आता, म्हणाली. यंत्रावरची धूळ पदराने पुसत तिने विचारलं.

"साहेब, अर्धी गोळी देऊ काय? रोज नाही. कधीमधी."

मी डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला सांगितलं. तपासून घ्या, लिहून घ्या. आणि स्वतःला एक विचारा, ताई, की गोळी तिच्या जिवासाठी देता की तुमच्या आरामासाठी. मोठ्या ठामपणे सांगितलं मी, ठाणेदारासारखं.

तिने आईकडे पाहिलं. म्हातारी आता दमून दाराशी बसली होती, रडत होती.

"मी पडली, तर तिले कोन हाय?" ती म्हणाली. "मंग तिचा जीव कोनता अन् माहा आराम कोनता, तुमीच सांगा."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली. कायद्याने ती रेघ आखली आहे आणि ती आखायलाच हवी, नाहीतर सगळी म्हातारी माणसं वेचणीच्या हंगामात झोपवली जातील. पण त्या घरात बसून ती रेघ मला बोटाने दाखवता आली नाही. उठलो, बाहेरची कडी उघडीच ठेवली, आणि 'चला, माहेरी जाऊ' म्हणत म्हातारीला हाताला धरून मुलीबरोबर गल्लीच्या टोकापर्यंत त्या माहेराच्या वाटेने चालत गेलो.