विहीर कोणी शोधली?

पुरातत्त्वात यायचंय म्हणून मुलं-मुली मला भेटायला येतात. त्यांना मी छान छान किस्से सांगते. ज्यांत माझी शोभा झाली, ते गाळते. आता गाळलेलेच इतके साठलेत की सांगण्यासारखे कमी उरलेत! तेव्हा आज तेच ऐका. निदान तुमचे भ्रम तरी फिटतील.

*

घर आमचं तंजावूरचं, मराठी बोलणारं. शिकले पुण्यात. पहिलं उत्खनन मात्र घराजवळच मिळालं, तिरुवैयारुच्या पलीकडे, कावेरीकाठी. पहिल्या दिवशी मी बूट, हॅट, गॉगल अशा थाटात हजर!

खोदणाऱ्या बायकांची मुकादम होती सेल्वीअक्का. जन्म भातशेतात गेलेला. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अम्मा, ते बूट काढा. माती पायाला कळते."

"अक्का, हे शास्त्र आहे," मी म्हणाले.

तासाभरात मी दोरी लावून आखलेल्या ट्रेंचची कड ढासळली. माझ्याच बुटाखाली!

*

आमची आत्या रोज संध्याकाळी फोन करायची. "सोनं मिळालं की?"

"नाही आत्या, खापरं मिळाली."

"काल?"

"कालही खापरं."

"अय्यो! खापरं काढायला पुण्याला जायला पाहिजे होतं की?"

तुम्ही या धंद्यात आलात तर तुमचीही एक आत्या असेल. उत्तर आत्तापासून शोधून ठेवा, मला अजून सापडलेलं नाही.

*

खापरं धुवायचं काम नवख्यांकडे असतं. एका खापराच्या आतून काळं काहीतरी चिकटलेलं होतं. मी दात घासायचा ब्रश घेऊन अर्धा तास घासलं. खापर लखलखीत!

उत्खननाचे प्रमुख, आमचे सर, त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "त्या काळ्या थरावरून यात काय शिजत होतं ते कळलं असतं. आता तुझा ब्रश चांगला आहे एवढंच कळतंय."

सगळ्या बायका खो खो हसल्या. सेल्वीअक्का तेवढी हसली नाही. तिनं मला गुपचूप चहा आणून दिला.

*

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

ट्रेंचच्या एका कोपऱ्यात माती भुसभुशीत लागली. मी वहीत 'उंदरांची बिळं' असं लिहिलं आणि कुदळ चालवायला सांगितली. सेल्वीअक्कानं कुदळ अडवली. मातीवर तळहात टेकला. "मारू नका. बाजूची माती सुकली, हा एवढा गोल अजून ओला आहे. खाली विहीर असणार."

मी हसले. तिनं खुरप्यानं वीतभर माती काढली, आणि भाजलेल्या मातीचं कडं वर आलं. एकावर एक कडी रचून बांधलेली जुनी विहीर!

ती घमेलं रिकामं करायला गेली आणि नेमके सर आले. "वा! विहीर कोणी ओळखली?"

नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही! मी म्हणाले, "मला सकाळीच शंका आली होती, सर."

अहवालात माझं नाव छापलं गेलं. दुरुस्तीला एक ओळ पुरली असती. ती मी लिहिली नाही. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

*

पुढे तंजावूरला प्रदर्शन भरलं. विहिरीचं ते कडं मधोमध मांडलेलं. तमिळ फलक छापून यायचा होता, इंग्रजीच लावला होता. सेल्वीअक्का रेशमी साडी नेसून, केसांत मल्लिगैचा गजरा माळून आली. सोबत आठ-नऊ वर्षांची नात, 'पाट्टी, पाट्टी' करत आजीचा पदर धरून.

"अम्मा, काय लिहिलंय? वाचा ना. हिला ऐकू दे."

फलकावर ठळक अक्षरात माझं नाव होतं. मी वाचलं, "ही विहीर सेल्वी अम्मांनी ओळखली."

अक्कानं पदर सारखा केला. तिचे डोळे भरून आले. "नाव घातलंत, अम्मा!"

नात इंग्रजी शाळेत जाते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती टाचा उंचावून, एकेका शब्दावर बोट फिरवत फलक वाचत होती. वाचून झाल्यावर तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"काय गं," अक्कानं तिला विचारलं, "खरंच आहे ना माझं नाव?"

"हो पाट्टी," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय."